असायक्लोव्हिरला न जुमानणारा हर्पिस : नेम विषाणूवर धरायचा की यजमान पेशीच्या (विषाणू ज्या पेशीत वाढतो तिच्या) प्रथिनांवर?

पेशीकेंद्र

औषधरोधी हर्पिसबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा. विषय मुद्दाम अरुंद ठेवतो: विषाणूचं स्वतःचं एंझाइम सोडून, तो पेशीची जी प्रथिनं वापरतो त्यांनाच अडवलं तर रोधक (औषधाला न जुमानणाऱ्या) विषाणूवर काम होतं का, आणि त्याची किंमत काय?

आधी रोधकता येते कुठून ते. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं नेहमीचं औषध पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्यावर पहिला फॉस्फेट चढवतो विषाणूचा थायमिडीन किनेज (यूएल२३ जनुक), पुढचे दोन पेशीचे किनेज चढवतात. मग ते विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजमध्ये (डीएनएची नक्कल करणारं एंझाइम, यूएल३० जनुक) शिरतं आणि डीएनएची साखळी वाढायची तिथेच थांबते. निरोगी पेशीत पहिली पायरीच होत नसल्यामुळे औषध इतकं सुरक्षित आहे. पण सगळं या एका पायरीवर टेकलेलं असल्यामुळे निसटण्याची वाटही तिथेच आहे. रोधक एचएसव्हीपैकी (हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू) सुमारे ९५ टक्क्यांत दोष थायमिडीन किनेजमध्ये सापडतो, उरलेल्यांत पॉलिमरेजमध्ये. किनेजच्या जनुकात सलग ७ 'जी' आणि सलग ६ 'सी' अशा दोन पट्ट्या आहेत. नक्कल होताना तिथे एखादं अक्षर वाढतं किंवा गळतं, वाचनाची चौकट सरकते आणि एंझाइम अर्धवट तयार होतं. विषाणूला पेशीत वाढायला हे एंझाइम फारसं लागत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान थोडं.

प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांत रोधकता १ टक्क्याच्या आत राहते, दुबळी असलेल्यांत साधारण ३.५ ते १० टक्के. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर त्याहूनही वर जाते.

यजमान पेशीतली जी लक्ष्यं खरंच तपासली गेली आहेत, त्यातली मला महत्त्वाची वाटणारी:

एलएसडी१. एचएसव्हीचं व्हीपी१६ हे प्रथिन पेशीच्या एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ या प्रथिनांना बरोबर घेऊन विषाणूची पहिली जनुकं चालू करतं. एचसीएफ-१ बरोबर एलएसडी१ नावाचं डिमिथिलेज येतं आणि विषाणूच्या डीएनएवर बसलेल्या हिस्टोन प्रथिनांवरची 'जनुक बंद' ही खूण पुसतं. थॉमस क्रिस्टी यांच्या अमेरिकेतल्या एनआयएआयडी या सरकारी संशोधन संस्थेतल्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की एलएसडी१ अडवलं की ती खूण तशीच राहते, पहिली जनुकं उठत नाहीत आणि चेतापेशीत झोपलेल्या विषाणूचं पुन्हा जागं होणंही अडतं.

एकेटी. पेशीची वाढ आणि तग धरणं सांभाळणारं पेशीचं किनेज. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या दीपक शुक्ला यांच्या गटाने २०१८ मध्ये बीएक्स७९५ या रेणूवर काम प्रसिद्ध केलं. हा रेणू टीबीके१ या पेशीच्या किनेजचा रोधक (इथे अर्थ: त्याला अडवणारा) म्हणून माहीत होता. पण कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशींत त्याने एचएसव्ही-१ थांबवला तो एकेटीचं फॉस्फोरिलेशन अडवून. त्यामुळे पुढे ४ई-बीपी१ या प्रथिनामार्फत होणारी विषाणूच्या प्रथिनांची निर्मिती मंदावते. याच गटाने २०१५ मध्ये हेपॅरनेजचं काम दाखवलं होतं: नवे विषाणू पेशीबाहेर पडताना तिच्या पृष्ठभागावरच्या हेपॅरान सल्फेट या साखरेच्या साखळीला चिकटून राहू नयेत म्हणून पेशीचंच हे एंझाइम ते कापतं.

सीडीके. पेशीविभाजन चालवणारे पेशीचे किनेज. १९९८ मध्ये लुईस शांग आणि सहकाऱ्यांनी त्यांना अडवणाऱ्या रॉस्कोव्हिटीनने एचएसव्हीची वाढ थांबते हे दाखवलं. पॉलिमरेज बदललेल्या विषाणूवरही ते चालतं.

डीएचओडीएच. पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे घटक) बनवणारं पेशीचं एंझाइम. लेफ्लुनोमाइड हे संधिवातावरचं औषध याला अडवतं. या यादीत प्रत्यक्ष रुग्णांवर सर्वांत जास्त वापरलं गेलेलं हेच.

माझं मत: यजमान लक्ष्यांचा उपयोग आहे, पण 'विषाणू याला कधी रोधक होणारच नाही' हे वाक्य जाहिरातीतलं आहे. चर्चा यावर व्हावी.

---

औषधविचार

धागा आवडला. मी वॉर्डाच्या बाजूने भर घालतो, कारण 'रोधक' हा शिक्का फार लवकर मारला जातो.

पहिला प्रश्न: औषध पुरेसं पोचलंय का? तोंडाने घेतलेल्या असायक्लोव्हिरपैकी १५ ते २० टक्केच शोषलं जातं, व्हॅलासायक्लोव्हिर दिल्यास ५५ टक्क्यांच्या आसपास. जुलाब किंवा जीव्हीएचडीने (प्रत्यारोपित पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) आतडं खराब झालेला रुग्ण गोळीवर असेल, तर विषाणू रोधक नसून रुग्ण औषधाविना उपाशी आहे. दुसरा प्रश्न: क्रिएटिनीन (किडनीच्या कामाचा निर्देशक) वाढलं म्हणून डोस कमी केला आणि किडनी सुधारल्यावर वाढवायचा राहून गेला का?

हे दोन्ही नीट असून ७ ते १० दिवसांत जखम हलत नसेल, नव्या जखमा येत असतील, तर नमुना पाठवायचा. जखमेच्या काठावरून आणि तळातून घासून घ्या. खपलीवरून घेतलेल्या स्वॅबमध्ये जिवंत विषाणू मिळत नाही. जनुकीय तपासणीत थायमिडीन किनेज आणि पॉलिमरेज दोन्ही मागा. फक्त किनेज वाचून 'बदल नाही' असा अहवाल आला की पॉलिमरेजचा दोष नजरेआड राहतो.

सीएमव्हीचा (सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिसच्याच कुळातला) हिशेब वेगळा. तिथे गॅन्सायक्लोव्हिर या औषधाला पहिला फॉस्फेट विषाणूचा यूएल९७ किनेज चढवतो. नेहमी सापडणारे बदल ४६०, ५२०, ५९२, ५९४, ५९५ आणि ६०३ या स्थानांवर असतात. ५९२ वरच्या बदलाने रोधकता कमी प्रमाणात येते, तिथे डोस वाढवून निभावता येतं. यूएल५४ पॉलिमरेजमध्ये बदल असेल तर सिडोफोव्हिर आणि काही वेळा फॉस्कार्नेट ही पर्यायी औषधंही हातातून जातात.

फॉस्कार्नेटला फॉस्फेट चढवावा लागत नाही, म्हणून किनेज गेलेल्या एचएसव्हीवर ते चालतं. सामान्य किडनी असल्यास एचएसव्हीसाठी ४० मिग्रॅ प्रति किलो, दर ८ किंवा १२ तासांनी. वेग १ मिग्रॅ प्रति किलो प्रति मिनिट यापेक्षा जास्त नको, आणि पंपाशिवाय नको. हाताच्या शिरेतून देताना २४ मिग्रॅ/मिलीचं द्रावण १२ वर आणायचं, मोठ्या शिरेतून तसंच चालतं. आधी सलाइन. आयनीभूत (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फेट आणि क्रिएटिनीन यांच्यावर सतत नजर. साध्या एकूण कॅल्शियमच्या आकड्यावर विसंबू नका. औषध आयनीभूत कॅल्शियमला पकडतं, एकूण आकडा छान दिसतो आणि रुग्णाच्या ओठाभोवती मुंग्या येतात. औषध लघवीतून तसंच बाहेर पडत असल्यामुळे जननेंद्रियावर व्रण होतात. हर्पिसच वाढला असं समजून डोस वाढवला जाण्याचा धोका इथे खरा आहे. भरपूर पाणी आणि लघवीनंतर स्वच्छता याने ते टळतं.

हे सगळं सांगायचं कारण: यजमान लक्ष्यांवरच्या औषधाची तुलना असायक्लोव्हिरशी करू नका. ज्या रुग्णाला ते द्यायचं त्याच्यापुढे पर्याय फॉस्कार्नेटचा असतो. ती पट्टी बरीच खाली आहे.

(डोस संदर्भासाठी दिले आहेत. प्रत्यक्षात ते किडनी पाहून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.)

---

प्रयोगवही

@पेशीकेंद्र, लक्ष्यांची यादी ठीक, पण यातल्या अनेक रेणूंचे आकडे प्रयोगशाळेत फुगतात आणि त्याची कारणं ठरावीक आहेत.

नेहमीची चाचणी प्लाक (विषाणूने पेशी मारून थरात पाडलेली भोकं) कमी होण्याची. २४ खणी प्लेटमध्ये प्रत्येक खणात २ लाख व्हेरो पेशी (माकडाच्या किडनीच्या) आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी थर पूर्ण भरला की प्रत्येक खणात ५० ते १०० प्लाक होतील इतका विषाणू २०० मायक्रोलिटरमध्ये, ३७ अंशांवर १ तास, दर १५ मिनिटांनी प्लेट हलवत. मग विषाणू काढून १ टक्का मिथाइलसेल्युलोजमध्ये औषधाच्या चढत्या मात्रा. ४८ ते ७२ तासांनी फॉर्मॅलिन, क्रिस्टल व्हायोलेट, मोजणी. असायक्लोव्हिरची आयसी५० (प्लाक निम्मे करणारी मात्रा) २ मायक्रोग्रॅम/मिली, म्हणजे साधारण ९ मायक्रोमोलर, किंवा त्यावर गेली की एचएसव्ही रोधक धरायची पद्धत आहे. मिथाइलसेल्युलोज गरम पाण्यात विरघळत नाही, गोळे होतात. ऑटोक्लेव्ह करून मग रात्रभर ४ अंशांवर ढवळत ठेवा.

आता अडचणी. असायक्लोव्हिर पेशीला काही करत नाही, म्हणून प्लाक कमी म्हणजे विषाणू कमी. यजमान लक्ष्याच्या औषधात तसं नाही. पेशीच मंदावली तर प्लाक लहान होतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि आपण त्याला 'परिणाम' म्हणतो. त्याच प्लेटवर विषाणू न घातलेले, पण औषध घातलेले खण हवेतच. शिवाय विषारीपणा भरलेल्या थरावर मोजून भागत नाही. २० ते ३० टक्के भरलेल्या, वाढत्या पेशींवर ७२ तास मोजा. सीडीके आणि डीएचओडीएच रोधकांचा खरा चेहरा तिथे दिसतो. सीसी५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) भागिले ईसी५० (विषाणूवर निम्मा परिणाम करणारी मात्रा) हा निर्देशांक भरलेल्या थरावर १०० आणि वाढत्या पेशींवर ५, असं सहज होतं.

व्हेरोबद्दल आणखी एक. या पेशी टाइप १ इंटरफेरॉन (विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन) बनवत नाहीत. टीबीके१ किंवा त्या साखळीतलं काहीही अडवणारा रेणू फक्त व्हेरोवर तपासला, तर इंटरफेरॉन दाबल्यामुळे होणारं नुकसान दिसणारच नाही. माणसाचे फायब्रोब्लास्ट, हाकॅट (माणसाच्या त्वचेच्या) किंवा कॉर्नियाच्या एपिथेलियल (वरच्या थराच्या) पेशी घ्या. पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) या संस्थेच्या पेशीसंग्रहातून पेशी मागवता येतात. आल्यावर आधी मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) तपासा, आणि डीएचओडीएचवर काम असेल तर दुप्पट काळजीने: मायकोप्लाझ्माची एंझाइमं माध्यमातले पिरिमिडीन न्यूक्लिओसाइड फोडतात, मग सगळी उत्तरं उलटसुलट येतात.

डीएचओडीएचसाठी सीरमही महत्त्वाचं. त्यात युरिडीन (तयार पिरिमिडीन) असतं आणि पेशी ते बाहेरून उचलते, एंझाइम अडवलेलं असलं तरी. डायलाइज केलेलं सीरम वापरा. ५० ते १०० मायक्रोमोलर युरिडीन घातल्यावर परिणाम नाहीसा झाला तर लक्ष्य तेच आहे असं म्हणता येतं. विषारीपणा एमटीटी या रंगचाचणीने मोजू नका. हे एंझाइम मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर बसतं आणि एमटीटीसुद्धा मायटोकॉन्ड्रियाच मोजतं. पेशी मोजा, मेलेल्या पेशी रंगवणारं ट्रिपॅन ब्लू लावा, कंटाळवाणं आहे पण खरं आहे.

---

जिज्ञासू_सोलापूर

उत्तम माहिती. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पातळीवरचे दोन प्रश्न. १) लक्ष्य पेशीचं असेल तर विषाणू रोधक होऊच कसा शकेल? पेशीचं जनुक तर तो बदलू शकत नाही. २) रेणू नेमका कोणत्या टप्प्यावर अडवतो हे कसं शोधतात?

---

पेशीकेंद्र

@जिज्ञासू_सोलापूर, पहिल्याचं उत्तर. विषाणू पेशीचं प्रथिन बदलत नाही, पण त्या प्रथिनाची गरज बदलू शकतो. एचआयव्हीमध्ये हे स्पष्ट दिसलंय. २००७ पासून वापरात असलेलं मॅराव्हिरॉक पेशीच्या सीसीआर५ या ग्राहीवर (विषाणू आत शिरायला वापरतो ते प्रथिन) बसतं. काही रुग्णांत सीएक्ससीआर४ हा दुसरा ग्राही वापरणारे विषाणू वर येतात, आणि काही विषाणू औषध बसलेलं सीसीआर५ सुद्धा ओळखायला शिकतात. म्हणूनच हे औषध देण्याआधी विषाणू कोणता ग्राही वापरतो ते तपासतात.

हर्पिसमध्ये याच नजरेने एकेटीकडे बघा. एचएसव्हीकडे यूएस३ नावाचं स्वतःचं किनेज आहे आणि ते एकेटीची काही कामं करतं. म्हणजे एकेटी अडवणाऱ्या रेणूला निसटायची एक वाट विषाणूच्या खिशात आधीच आहे. ती तो प्रत्यक्षात वापरतो की नाही, हे यूएस३ नसलेला विषाणू शेजारी ठेवून तपासावं लागतं.

फरक वेगाचा आहे. एचएसव्हीच्या साध्या साठ्यात असायक्लोव्हिर-रोधक कण दर १० हजारांत काही इतके आधीपासूनच असतात. औषध घातलं की तेच उरतात, नवा बदल व्हायची वाट बघावी लागत नाही. यजमान लक्ष्यासाठी असे तयार कण सापडणं अवघड, कारण एका अक्षराच्या चुकीने काम भागत नाही. तेवढा फायदा खरा आहे आणि तेवढाच सांगावा.

---

प्रयोगवही

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: औषध घालण्याची वेळ बदलत जायची. जास्त विषाणू (प्रति पेशी ५) एकाच वेळी, मग औषध संसर्गाच्या १ तास आधी, ० वाजता, २, ४, ६ आणि ९ तासांनी वेगवेगळ्या खणांत. १८ ते २४ तासांनी सगळे गोळा करून नवे विषाणू मोजायचे. असायक्लोव्हिर ४ तासांनी घातलं तरी बरंचसं काम करतं, कारण डीएनएची नक्कल तेव्हा नुकतीच सुरू होत असते. एलएसडी१ चा रोधक तेव्हा घालून फारसा उपयोग नाही, पहिली जनुकं तोवर चालू झालेली असतात. हेपॅरनेजचा रोधक उलट: पेशीच्या आतला विषाणू तेवढाच राहतो, बाहेरच्या द्रवातला घटतो. म्हणून आतला आणि बाहेरचा वेगवेगळा मोजा. बरोबर आयसीपी२७ (विषाणूचं सुरुवातीचं जनुक) आणि जीसी (उशिराचं जनुक) यांचा आरएनए पाहिला की टप्पा पक्का होतो.

पण टप्पा कळला म्हणजे लक्ष्य कळलं असं नाही. बीएक्स७९५ हेच उदाहरण. नाव टीबीके१ चं, काम एकेटीमार्फत. मानलेल्या लक्ष्याचं जनुक पेशीतून काढून टाकल्यावरही रेणू तसाच चालत असेल तर लक्ष्य दुसरं आहे. आणि औषध चिकटू शकणार नाही असं बदललेलं प्रथिन पेशीत घातल्यावर विषाणू पुन्हा वाढला, तर तो सर्वांत भक्कम पुरावा.

रोधक विषाणू तपासताना दोन्ही प्रकारचे हवेत: किनेज नसलेला आणि पॉलिमरेज बदललेला, उदा. पीएएआर५. फक्त किनेज नसलेला घेतला तर फॉस्कार्नेटपेक्षा तुमचा रेणू वेगळा काय देतो ते सिद्ध होत नाही.

---

नेत्रपटल

डोळ्याच्या बाजूने. यजमान लक्ष्यांचं पहिलं खरं घर कॉर्निया असेल असं मला वाटतं. थेंब टाकता येतात, औषध रक्तात कमी जातं, त्यामुळे अस्थिमज्जा-आतड्यातल्या वाढत्या पेशींना होणारा विषारीपणा बराच टळतो. बीएक्स७९५ चं कामही उंदरांच्या डोळ्यांत थेंबांनीच झालं, पेशींवर मात्रा १० मायक्रोमोलरच्या आसपास होती.

तुलना मात्र ट्रायफ्लुरिडीन या हर्पिसवरच्या थेंबांशी करा. ते किनेज गेलेल्या विषाणूवरही बऱ्याच वेळा चालतं, कारण पेशीचे किनेजही त्याला फॉस्फेट चढवतात. पण याच कारणाने ते कॉर्नियाच्या निरोगी एपिथेलियमला त्रास देतं. जास्त दिवस टाकलं की एपिथेलियम ठिपक्याठिपक्यांनी उखडतं, आणि ते बघून रोग वाढला असं वाटतं. फ्लुरोसीन या चमकत्या रंगाने फांद्यांसारखी जखम आणि तिच्या टोकांना फुगीर गाठी दिसल्या तर विषाणू. विखुरलेले बारीक ठिपके खालच्या भागात असतील तर औषधाचा दोष असण्याची शक्यता जास्त.

एकेटी अडवणाऱ्या थेंबांबद्दल माझी एक शंका आहे: एपिथेलियम भरून येताना पेशी सरकतात आणि त्यासाठी एकेटी लागतो. विषाणू गेला पण जखम आठवडाभर उघडी राहिली तर जंतुसंसर्ग ठरलेला. जखम किती दिवसांत बुजते ते वेगळं मोजलेलं असल्याशिवाय अशा थेंबांवर विश्वास ठेवू नये.

आणि थेंब ट्रायजेमिनल गँग्लियनपर्यंत (चेहऱ्याच्या चेतापेशींचा पुंजका, जिथे विषाणू झोपलेला असतो) पोचत नाहीत. पुन्हा उद्भवणं त्यांनी थांबणार नाही.

---

रक्तपेशी

गँग्लियनचा मुद्दा एलएसडी१ कडे नेतो, म्हणून लिहितो. जागं होणं अडवणारं लक्ष्य म्हणून ते कागदावर फार आकर्षक आहे. पण २००९ च्या कामात वापरलेलं ट्रॅनिलसिप्रोमिन हे मुळात एमएओ या एंझाइमचं रोधक, नैराश्यावरचं जुनं औषध. जुनं चीज किंवा फार आंबवलेले पदार्थ यातल्या टायरामिनने रक्तदाब एकदम चढतो. शिवाय एसएसआरआय (नैराश्यावरचीच औषधं), लिनेझोलिड (प्रतिजैविक) यांच्याबरोबर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन वाढून होणारा धोकादायक परिणाम. प्रत्यारोपणाच्या वॉर्डात लिनेझोलिड किती वेळा सुरू होतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

एमएओला फारसं न शिवणारे निवडक रोधक आले, ओजी-एल००२ त्यातलाच. पण एलएसडी१ रक्तपेशी घडताना लागतं. कर्करोगासाठी तपासलेल्या या वर्गातल्या औषधांनी प्लेटलेट उतरतात, आणि तो लक्ष्याचाच परिणाम असल्यामुळे रेणू कितीही निवडक केला तरी राहतो. रोधक एचएसव्ही सर्वांत जास्त कोणाला? नुकतंच अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांना. त्यांच्या प्लेटलेट आधीच २० हजारांच्या आसपास घुटमळत असतात. गरज आणि धोका एकाच रुग्णात भेटतात, हा या संपूर्ण कल्पनेतला सर्वांत कठीण भाग वाटतो.

४-फेनिलब्युटिरेटबद्दलही विचारणा होते, तेव्हा तेही इथेच. युरिया चक्राच्या विकारांवरचं मंजूर औषध, २०२० मध्ये शुक्ला यांच्याच गटाने एचएसव्हीवर दाखवलं, एकटं आणि असायक्लोव्हिरबरोबरही. विषारीपणा तुलनेने सौम्य. पण मूळ आजारात मात्रा दिवसाला २० ग्रॅमपर्यंत जाते. ५०० मिग्रॅच्या गोळीत ६२ मिग्रॅ सोडियम, म्हणजे ४० गोळ्यांत सुमारे २.५ ग्रॅम. किडनी किंवा हृदय कमकुवत असलेल्याला हे झेपणार नाही.

---

औषधविचार

प्रत्यक्ष वापरातल्या यजमान औषधांबद्दल दोन शब्द.

पेशीच्या एमटीओआर या किनेजचे रोधक. सिरोलिमस, एव्हरोलिमस. किडनी प्रत्यारोपणात २००० हून जास्त रुग्णांच्या ट्रान्सफॉर्म चाचणीत (२०१८) एव्हरोलिमस गटात सीएमव्ही स्पष्टपणे कमी दिसला. रोधक सीएमव्हीमध्ये मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) काढून हे घालण्याचा विचार म्हणूनच करतात. इथे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचंच असतं, त्यामुळे विषारीपणाचा हिशेब आधीच केलेला असतो. मला सर्वांत व्यवहार्य वाटणारा मार्ग हाच. सावधगिरी: तोंडात होणारे व्रण. ते हर्पिससारखेच दिसतात, पीसीआर केल्याशिवाय असायक्लोव्हिर वाढवू नका. ताजी जखम असताना सुरू करू नका, भरत नाही. लघवीतलं प्रथिन बघत राहा. सीएमव्ही टाळण्यासाठीचं लेटर्मोव्हिर बरोबर असेल तर सिरोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढते, डोस आधीच उतरवा आणि पातळी मोजा. आणि लेटर्मोव्हिर फक्त सीएमव्हीवर आहे, एचएसव्ही-व्हीझेडव्हीसाठी (व्हीझेडव्ही म्हणजे कांजिण्या-नागिणीचा विषाणू) असायक्लोव्हिर चालूच ठेवायचं, हे विसरलं जातं.

सीएमव्हीवरचं मॅरिबाव्हिर २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते यूएल९७ लाच अडवतं, म्हणजे लक्ष्य विषाणूचं. गॅन्सायक्लोव्हिरबरोबर देऊ नका. ज्या एंझाइमने गॅन्सायक्लोव्हिर चालू व्हायचं तेच बंद केलेलं असतं. डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूत ते पुरेसं पोचत नाही.

लेफ्लुनोमाइड. रोधक सीएमव्हीत फॉस्कार्नेटनंतर विषाणू थोडा उरलेला असताना त्याचा उपयोग झाल्याची उदाहरणं आहेत, रक्तात विषाणू प्रचंड असताना एकट्याने ते हरतं. १०० मिग्रॅ रोज, ३ ते ५ दिवस, मग २० ते ४० मिग्रॅ. कारण वर @प्रयोगवही यांनी दिलंच आहे: रक्तातलं युरिडीन पेशीला वाचवतं आणि विषाणूलाही. शिवाय त्याचा सक्रिय अंश, टेरिफ्लुनोमाइड, ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेला असतो. २ टक्के सीरममध्ये काढलेली ईसी५० रुग्णाच्या रक्तपातळीशेजारी ठेवून 'पुरेसं आहे' म्हणणं चूक आहे.

---

जिज्ञासू_सोलापूर

लेफ्लुनोमाइडने यकृत बिघडलं तर बंद करून वाट बघायची का?

---

औषधविचार

नाही. अर्धायुष्य साधारण २ आठवडे आहे, आणि ते यकृत-आतडं-यकृत असं फिरत राहतं. नुसतं थांबवलं तर रक्तात २ वर्षांपर्यंत सापडू शकतं. औषध आतड्यात पकडून ठेवणारं कोलेस्टिरामिन ८ ग्रॅम दिवसातून ३ वेळा, ११ दिवस. सहन होत नसेल तर ४ ग्रॅम ३ वेळा. ११ दिवस सलगच हवेत असं नाही, पातळी लवकर उतरवायची असेल तरच. कोलेस्टिरामिन बाकीच्या गोळ्यांनाही पकडतं, म्हणून मायकोफेनोलेट आणि टॅक्रोलिमस (प्रत्यारोपणानंतरचं आणखी एक औषध) यांच्या वेळा त्यापासून दूर ठेवा आणि टॅक्रोलिमसची पातळी त्या दिवसांत जास्त वेळा करा. शेवटी टेरिफ्लुनोमाइडची पातळी १४ दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही वेळा ०.०२ मिग्रॅ/लिटरखाली आहे ना ते पाहायचं. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे दोन अहवाल हातात आल्याशिवाय गर्भनिरोधन थांबवायचं नाही.